दोन मामा आणि बनातला लिंब

मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, जाऊन आलो म्हटलं की सोलापुरात लोक पहिल्यांदा विचारतात, तिकडे खायला काय मिळालं. युद्ध चालू आहे, धान्य मापून मिळतं आहे, तेव्हा प्रश्न रास्तच. त्याचं उत्तर मी पुढे देणारच आहे, कारण खाण्याबद्दल बोलायला मला मनापासून आवडतं. पण मी गेलो होतो झाड तोडायला. हे ऐकून आमचे शेजारी पोट धरून हसले. शाळेत चित्रकला शिकवण्यात ज्याचा जन्म गेला, पेन्सिलीहून जड हत्यार ज्याने हातात धरलं नाही, तो कुऱ्हाड घेऊन निघाला म्हणजे हसण्यासारखंच होतं.

माझी थोरली बहीण गोदाक्का भूम आणि वाशीच्या मधल्या डोंगरपट्टीतल्या एका लहान गावात दिलेली आहे. तिथे एक जुनी रीत आहे. घरातला मुलगा वेगळा निघाला, त्याने नवी चूल मांडायची ठरवली, की गावाने त्याला देवीच्या बनातलं एक झाड द्यायचं. त्या झाडाची तुळई होते, म्हणजे माळवदाचा, मातीच्या सपाट छपराचा सगळा भार जिच्यावर पेलला जातो ते आडवं लाकूड. ती घरावर चढली की ती चूल गावकीत मोजली जाते. बनातलं लाकूड दुसऱ्या कशालाही वापरायचं नाही, सरणालासुद्धा नाही. आणि झाडावर पहिला घाव घालायचा मुलाच्या मामाने, आपल्या घरून आणलेल्या कुऱ्हाडीने. मामाच्या घावाआधी बनातल्या झाडाला कुणी हात लावत नाही. अक्काचा धाकटा किसन वेगळा निघणार होता. माघातल्या वद्य पक्षात तोडलेल्या लाकडाला कीड लागत नाही, तेव्हा अमावास्येच्या आत ये, असा तिचा निरोप आला आणि मी नवी कुऱ्हाड धोतरात गुंडाळून निघालो.

कोळशाची मोटार

बार्शीहून जी मोटार मिळाली ती कोळशावर चालणारी होती. पेट्रोल लढाईवर गेल्यापासून या मोटारींच्या पाठीला एक मोठं लोखंडी पिंप बसवतात. त्यात लाकडी कोळसा धुमसत ठेवायचा आणि त्याच्या वायूवर इंजिन चालवायचं. निघण्याआधी एकजण बराच वेळ हाताने पंखा फिरवत होता आणि ड्रायव्हर, एक पिकल्या दाढीचे मियाँ, शांतपणे विडी ओढत होते. मी घाई केली तर म्हणाले, “बैठो मास्तर, अभी उसका पेट गरम नहीं हुआ.”

माझ्या शेजारी तेरचे एक गृहस्थ बसले होते. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आवाज मऊ. शिवप्पा त्यांचं नाव. बार्शीच्या अडतीवर तूर घालून ते बहिणीच्या गावी निघाले होते. पानाची चंची त्यांनी आपण होऊन माझ्यापुढे केली आणि तिथेच आमचं जमलं. आमच्याकडे गिरणीच्या भोंग्यावर दिवस चालतो, अनोळखी माणसाला पान द्यायला कुणाला सवड नसते.

हद्दीवरच्या करोडगिरी म्हणजे जकातीच्या नाक्यावर निजामाच्या शिपायाने सगळ्यांची गाठोडी सोडायला लावली. माझ्या धोतरातून नवी कोरी कुऱ्हाड निघाली. शिपाई माझ्याकडे संशयाने पाहू लागला. मग त्याने शिवप्पांचं गाठोडं सोडलं, तर त्यातूनही कुऱ्हाड निघाली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“भाच्याची चूल?” त्यांनी विचारलं.

“भाच्याची चूल,” मी म्हणालो.

“कंच्या गावाला?”

मी गाव सांगितलं. ते एवढे हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघांचं गाव एकच होतं. शिपायाला या रितीतलं काही कळलं नाही, पण दोन हसणाऱ्या म्हाताऱ्यांकडून दरोड्याची भीती नाही एवढं त्याने ताडलं असावं. बन मोठं, दोन झाडांनी त्याचं काय जातंय, असं आम्हाला दोघांनाही वाटत होतं.

पुढे मोटारीच्या डुलण्याने मला गुंगी आली. मी अक्काच्या लग्नात पोरवयात याच वाटेने गाडीत बसून आलो होतो. तेव्हाची ओली हिरवी सावली, गाडीच्या तट्ट्यावर घासणाऱ्या फांद्या, मधूनच पडणारं एखादं फूल, हे सगळं मी डोळे मिटून पाहत होतो. घाट सुरू झाला तसा मियाँनी हाक दिली, “उतरो भाई उतरो, गाडी थक गई, उसको साँस लेने देव.” डोळे उघडले तर डोंगर उघडा होता. धावडा, साग, अंजन, कशाचाच पत्ता नव्हता. उतारावर मातीने लिंपलेल्या कोळशाच्या भट्ट्या ठिकठिकाणी निवांत धुरत होत्या. त्या निळ्या धुरात डोंगर फार सुंदर दिसत होता, हे मला कबूल केलं पाहिजे. पायाखाली दगड आणि वर आभाळ, मधलं सगळं पुसून टाकलेलं. एका भट्टीपाशी मोटार थांबली आणि मियाँनी कोळशाचं पोतं चढवलं. ज्या डोंगरावर ती चढत होती, तोच ती खात होती. घरी आमची शेगडीही असल्याच कोळशावर पेटते आणि चहा वेळेवर झाला नाही तर मी ओरडतो, हेही तिथे आठवलं.

घाट चढेपर्यंत आम्हा उतारूंना मोटार ढकलावी लागली. मी पिंपाच्या मागेच होतो. सडकेवर किसन बैलगाडी घेऊन आला होता. त्यातून आम्ही दोघे गावात उतरलो तेव्हा अक्का दारात आली, माझ्याकडे पाहिलं आणि किसनला म्हणाली, “मामा कुठाय? आन् ह्या कोळसेवाल्याला कशाला आनलास?”

अक्काचं घर

अक्काचं घर मी पाहिलं होतं तेव्हा त्यात माणसं कमी आणि कोनाडे जास्त होते. आता प्रत्येक कोनाड्याखाली कुणी ना कुणी बसलेलं होतं. थोरल्या मुलाची मुलं, त्या मुलांच्या मांडीवर त्यांची धाकटी भावंडं, एक माहेरवाशीण, तिची जुळी. जेवणाची पंगत बसली की चुलीपर्यंत जायला वाट उरत नाही, म्हणून भाकरी हातोहात पुढे येते. माझ्यापर्यंत पोचताना तिचा काठ कुणीतरी कुरतडलेला असे. येसराची आमटी मात्र अशी झणझणीत होती की मी कुरतडलेल्या भाकरीची तक्रार विसरलो.

किसनची बायको यमुना पोटुशी होती. ती आणि तिची थोरली जाऊ एका चुलीपुढे एकमेकींना घासून बसत आणि दिवसभर भांडत. भांडण कशावरूनही होई. परातीला परात लागली तरी पुरे. यमुना माझ्या पानात दही वाढताना हळूच म्हणाली, “मामा, तुमची लई वाट बगितली. मला पाय पसरून बसता येईल एवढीच जागा पायजे.” तिच्या तोंडावर ते घर मला आधीच बांधलेलं दिसलं.

बन

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का मला बन दाखवायला घेऊन गेली. मी मनात सावली धरून चालत होतो. गावामागच्या उतारावर आम्ही पोचलो, अक्का थांबली आणि मीही थांबलो. मला वाटलं, अजून पुढे जायचं असेल.

उतारभर खुंटं होती. काही जुनी, पोकळ, आत मुंग्या, तर काही अजून ताजी लाल. मधून कमरेइतकी झुडपं. आणि खालच्या अंगाला, दगडातून झरा निघतो तिथे, एकच मोठा कडुलिंब. तुळई होण्याइतकं जाड खोड त्या सबंध बनात दुसऱ्या कशाचं नव्हतं.

अक्का खुंटांमधून चालू लागली. “ह्ये आमचं,” ती एका खुंटावर हात ठेवून म्हणाली. “ह्ये दगडूबा पाटलाचं. ह्ये तांबोळ्याचं. ह्या अंगाला सगळे गुरव.” प्रत्येक खुंट म्हणजे एक घर होतं. मी वर पाहिलं, तर टेकडीवरचं गाव तीच ओळख सांगत उन्हात पसरलं होतं. मला क्षणभर असं वाटलं की गाव दोनदा वसलेलं आहे, एक वर माणसांचं आणि एक इथे, आणि इथल्यातली शेवटची, लिंबाची जागा तेवढी अजून घर व्हायची राहिली आहे. मी किती वेळ तसा उभा होतो कोण जाणे.

“कोळशाच्या गुत्तेदारानं खाल्लं का गं?” मी विचारलं.

“त्याची काय छाती हाय? त्यानं डोंगर खाल्ला, पर देवीच्या बनात पाय न्हाय टाकला. ह्ये आमीच खाल्लं. रितीनं खाल्लं, नारळ फोडून.” मग ती खुंटावर टेकली. “आदी पटकी यायची, पिलेग यायचा. माज्या सासूनं पोरं पुरली तेवढी जगली न्हाईत. तवा नवी चूल म्हंजी सनावानी. आता टोचनारा येतोय, पोरं जगत्यात. जगली त्ये वाईट झालं म्हनू का रं?”

माझ्या डोळ्यांपुढे ती माहेरवाशीण आणि तिची जुळी आली.

झऱ्यावर यमुना पाणी भरत होती. भरत होती म्हणण्यापेक्षा बसली होती. दगडातून पाणी करंगळीएवढं येत होतं आणि घागर आपल्या चालीने भरत होती. मी लिंबाला पाठ लावून शेजारी बसलो. तिथे खरोखरच झोप येण्यासारखं होतं. पानांतून ऊन गळत होतं, घागरीत पाण्याचा आवाज हळूहळू बारीक होत चालला होता.

“मी नांदाया आले तवा,” यमुना म्हणाली, “घागर लावून पाय धुवोस्तर भरायची. आता मी बसून सगळी गानी म्हनते. झाडं गेली तसं पानी बी मागं सरलं. मामा, म्या राती लई इचार केला. तुळई डोक्यावर आली आन् पानी पायाखालनं गेलं, तर त्या घरात बसून करू काय?”

मी दचकून सरळ झालो. “किसनला सांगितलंस?”

“सांगितलं. तो गप हाय. गप हाय म्हंजी त्याला पटलंय.”

हुरडा

दुपारी अक्काच्या मागास पेरलेल्या रानात हुरड्याचा बेत होता. गावात एकच झाड आणि दोन मामा आलेत ही बातमी एव्हाना घरोघर झाली होती. त्याची बोलणी रानात, हुरड्यावर व्हावीत, असं दगडूबा पाटलांनी ठरवलं. चावडीत बसलं की माणसं तोंडं कडू करतात, हुरडा खाताना भांडायला तोंड मोकळं नसतं, हे त्यांचं म्हणणं मला फार पटलं.

गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजून, हातावर चोळून, गरम हिरवे दाणे पुढे येत होते. बरोबर जवसाची चटणी, गूळ, घट्ट दही. सोलापुरात मी हुरडा विकत घेऊन खाल्ला आहे. तो थंड असतो आणि त्याला धुराचा वास नसतो. मी एवढा खाल्ला की शिवप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारून विचारलं, “मास्तर, कुराड उचलाया जागा ठिवली का?”

पाटलांनी विषय काढला. दोन चुली, एक झाड. असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे रीत काय सांगते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्याचा मामा आधी आला त्याला द्यावं, तर दोन्ही मामा एकाच गाडीतून उतरलेले. शिवप्पांचा भाचा नागनाथ मान खाली घालून काडीने माती उकरत होता. त्याची आई म्हादेवी शिवप्पांच्या मागे बसली होती आणि भावाच्या पाठीकडे पाहत होती. अंगापिंडाने मोठी बाई, पण त्या दिवशी ती पार आक्रसून बसली होती. तिच्याही घरात पाय ठेवायला जागा नव्हती.

तेव्हा यमुना उभी राहिली. सासूसमोर, पाटलांसमोर, पदर सावरून तिने सांगितलं की आपल्याला झाड नको. तुराट्यांच्या कुडाचं छप्पर घालून राहू.

अक्काने हातातलं कणीस टाकलं. “छपरात ऱ्हायाची व्हय माझी सून? तुळई न्हाय तर चूल मोजत्यात का? देवीच्या जत्रंचा निवद कुनाच्या नावानं जाईल तुमचा?”

“न्हाय गेला तर न्हाय गेला, आत्याबाई. पानी तर ऱ्हाईल.”

अक्का रडू लागली. थोरली जाऊ, जी रोज परातीवरून भांडत असे, तिने यमुनाचा हात धरून तिला खाली बसवलं. मला त्या पोरीचा फार अभिमान वाटला, आणि त्याचबरोबर, लपवून काय करू, आपल्याला कुऱ्हाड चालवावी लागणार नाही म्हणून हायसंही वाटलं.

पाटलांनी हातावरचे दाणे फुंकून तोंडात टाकले. मग म्हणाले, “मंग वादच मिटला. झाड नागनाथाचं. उद्या सकाळी शिवप्पा मामानं घाव घालावा.”

यमुनाचा चेहरा मी पाहिला. आपण सोडलं म्हणजे ते राहील, असं तिला वाटलं होतं. दुसऱ्या कुणाची गरजही तिच्या गरजेएवढीच खरी आहे, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं आणि माझ्याही नाही.

घाव

सकाळी धुकं होतं. लिंब त्यात निम्मा बुडालेला होता आणि गावची माणसं खुंटांमधून एकेक करून उगवत होती. म्हादेवीने झाडाला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला. शिवप्पांनी कुऱ्हाड घेतली, लिंबाभोवती एक फेरी घातली आणि खोडावर तळहात टेकवला. मग म्हणाले, “जरा पानी द्या.”

तांब्या झऱ्याला लावला. सगळे थांबले. तांब्या भरेना. कुणी बोलत नव्हतं, खोकतही नव्हतं, फक्त पाण्याचा तो बारीक आवाज येत होता. धुकं हळूहळू वर गेलं, पानं दिसू लागली, त्यांच्यातून ऊन आलं, तरी तांब्या भरतच होता. उभ्या उभ्या मला वाटलं की हे असंच चालू राहावं, तो तांब्या कधीच भरू नये. शेवटी भरला. शिवप्पांनी तो तोंडाला न लावता दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ आत पाहत राहिले. मग तांब्या खाली ठेवला आणि शेजारी कुऱ्हाडही ठेवली.

“माझा हात न्हाय उचलत,” ते म्हणाले.

“अण्णा,” म्हादेवी म्हणाली.

“न्हाय उचलत, तायी.”

“मास्तराच्या भाचेसुनेनं सोडलं म्हून तुमी सोडायचं? ती सोडती तिच्या घरचं. तुमी माझ्या लेकाचं सोडताव.” तिचा आवाज चढला नाही. “माझ्या नागूची चूल मोडून जाताव तर पुन्ना माझ्या दारात पाय ठेवू नगा.”

शिवप्पांनी मान हलवली. तिला समजावण्याचा त्यांनी प्रयत्नसुद्धा केला नाही. एकुलता एक भाऊ तो. दुसरा मामा नाही म्हणजे नागनाथसाठी त्या झाडाला आता कुणीच हात लावू शकत नव्हतं. पाटलांनी आभाळाकडे पाहिलं आणि छपरातली चूल मोजायची का, ते गाव बसून बघेल, एवढं पुटपुटले. माणसं आली तशी परतली. शिवप्पांना कुणी शाबासकी दिली नाही. नागनाथ त्यांच्याकडे न बघता गेला. यमुना तेवढी मागे राहिली. तिने तांब्यातलं पाणी लिंबाच्या बुडाशी ओतलं आणि शिवप्पांच्या पायांना हात लावून निघून गेली.

परत

त्याच दुपारी किसनने आम्हाला सडकेपर्यंत सोडायला गाडी जुंपली. अक्का माझ्यावर रुसलेली होती, तरी गाडीपर्यंत आली, माझ्या मांडीवर शिदोरी ठेवली आणि डोळे पुसत आत गेली. म्हादेवीचं दार बंद होतं. गाडी त्या दारावरून जाताना शिवप्पांनी पागोटं नीट केलं आणि समोर पाहत राहिले.

माळरान लांबच लांब पसरलं होतं. चाकांचा आवाज आणि बैलांच्या गळ्यातली घुंगरं, दुसरं काही नव्हतं. एरवी मला झोप लागली असती.

“झाड वाचलं,” मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो.

“कशाचं वाचतंय, मास्तर? फुडल्या वर्सी तिसरा मामा ईल. त्याचा हात उचलंल.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “पर माझा न्हाय उचलला, त्याला म्या काय करू?”

सडकेवर मोटारीची वाट पाहत आम्ही बसलो. भूक लागली होती. मी शिदोरी सोडली. अक्काने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. या भागात बहिणीच्या घरून भाऊ रिकाम्या हाताने निघत नाही. कितीही गरिबी असो, कितीही भांडण असो, शिदोरी मिळतेच. शिवप्पांच्या मांडीवर काहीच नव्हतं. मी धपाटा त्यांच्या पुढे धरला. आधी नको म्हणाले, मग घेतला.

त्यांनी एक घास खाल्ला, सावकाश चावला. “माझ्या भनीच्या हातचं जरा जास्त तिखट असतंय,” ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मी दुसरीकडे पाहिलं.

अर्धा धपाटा त्यांनी खाल्ला. उरलेला अर्धा उपरण्याच्या टोकात ठेवला आणि त्याला घट्ट गाठ मारली. मला वाटलं, पुढच्या वाटेसाठी असेल.

“घरी इचारत्यान,” ते म्हणाले, “भनीनं काय दिलं.”